कोरड्यास

रुडिगरनं जाताना बाटली दिली.
शिरोली फाट्यावर, गाडीचं दार अर्धं उघडं धरून,
त्याच्या गावच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली;
वर कुठल्याशा फुटबॉलवाल्याचा अर्धा चेहरा.
चार महिने आम्ही एकाच मोल्डिंग मशीनवर वाकलो होतो.
त्याला मराठी आलं नाही, मला जर्मन,
मिलिमीटर मात्र दोघांनाही यायचे.

हौसा म्हणाली, गौरीच्या मुखवट्यांशेजारी नको.
मग दोन वर्षं ती माझ्या पटाशींच्या पेटीत राहिली,
आडवी,
कारण उभी मावत नव्हती.

आषाढाचा शेवटचा रविवार.
घरात मटण, उद्यापासून श्रावण.
पुतणी केतकी पुण्याला जर्मन शिकते,
तिनं चष्मा कपाळावर सारून लेबल वाचलं:
ट्रोकन. म्हणजे कोरडी.
हौसा चुलीपासून म्हणाली,
"पातळ हाय की. कोरडी कशानं?"
साखर उरलेली नाही म्हणून, काकी.
हौसानं भाकरी परतली. थोडा विचार केला.
"आपलं कोरड्यास तरी कुठं कोरडं असतंय?"
आणि तो विषय मिटला.

काचेचे ग्लास सहातले दोन उरलेले.
एक मला, एक केतकीला.
बाबालाल मुजावर, भट्टीवरचा, पीत नाही;
त्यानं लांबून वास घेतला
आणि वितळत्या लोखंडाकडं बघतात तसं बघितलं.

तांबड्यानं तिला उभंच राहू दिलं नाही.
वाटीतला एक भुरका, ग्लासातला एक घोट,
आणि जिभेवर चुका सांडल्या.
दोन तांबड्या एका तोंडात नांदत नाहीत.
पांढरा सभ्य निघाला, ओळख दाखवली नाही इतकंच.
सुक्क्यातल्या खोबऱ्याशी तिचं जुळत आलं होतं,
तेवढ्यात मिरची आली मध्ये.
खर्डा मी झाकूनच ठेवला.

मला रुडिगर आठवला, ह्याच पाटावर,
तांबडा पिऊन नाकाडोळ्यांतून वाहणारा,
आणि तसाच रडत रडत
वाटी पुन्हा पुढं करणारा.

बाबालालनं पन्हाळ्याकडून अळंबी आणली होती,
पळसाच्या पानात, मुळांना माती तशीच.
हौसानं तव्यावर टाकली. लसूण, मीठ, जरा तूप.
तिखट टाकणार होती, मीच हात धरला.
"आजारी हायसा का?"
म्हटलं, एकदाच. पाहुण्यासाठी.

आणि बाटलीला वाचा फुटली.
अर्धंकच्चं करवंद. जांभळाची बी चोखून उरते ती तुरट ओढ.
पावसानं दडपलेला भुसा, माझ्याच शेडमागचा.
त्याखाली लाकूड होतं.
साग नव्हे, शिसव नव्हे,
कुठल्या झाडाचं ते कळेना,
पण ज्यानं ते पिंप जोडलं
तो सुतार कामाचा पक्का असणार.

बीड निवताना शंभराला एक आक्रसतं,
म्हणून मी पॅटर्न तेवढा मोठा ठेवतो.
हे त्याला सांगावं लागलं नव्हतं,
मलाही त्यानं सांगितलं नव्हतं.
तांबडा रस्सा कुणाला तेवढी जागा ठेवत नाही.
अळंबीनं ठेवली.
राखेत भाजलेल्या वांग्यानंही ठेवली,
तेही नुसतं, वरून कच्चं तेल.
केतकी फोटो काढत होती, त्याला पाठवायला:
तवा, बाटली, बाबालालचा अंगठा.
तिकडं दुपार असेल, म्हणाली.

मी दुसरा ग्लास भरला नाही.
पहिल्यातलं बोटभर उरलं होतं.
हौसा जेवायला बसली सगळ्यांच्या शेवटी,
भाकरीचा कडेचा तुकडा मोडला,
इकडं तिकडं बघितलं,
आणि माझ्या ग्लासात बुडवला,
नीट, दोन्ही बाजूंनी,
कोरड्यासात बुडवावा तसा.
डोळे मिटून चावत राहिली.
बाबालाल थांबला, केतकीनं फोन खाली ठेवला.

"मीठ कमी हाय," म्हणाली.